झाडू, दोर आणि वही

साने गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान शिकायला. प्रतापशेठांच्या आश्रयाने 1916 साली गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं होतं. तिथला मुक्काम आटोपून 1924 मध्ये ते गावातल्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. मग जे सुरू झालं ते आजही वाचताना चक्रावायला होतं. मुलांनी विस्कटून टाकलेली अंथरुणं सुपरिंटेंडेंट स्वतः आवरून ठेवतोय, खोली झाडतोय, कंदिलाच्या काचा पुसतोय, कोणाचं मळकं धोतर धुऊन वाळत घालतोय. छडी नाही, दंड नाही. पोरं आधी ओशाळली आणि मग हळूहळू आपापलं आवरायला लागली.

इथवर ही एका संतवृत्तीच्या मास्तरांची गोष्ट आहे आणि ती महाराष्ट्रात सगळ्यांना थोडीफार ठाऊक आहे. मला थक्क करतं ते तिच्याशेजारचं दुसरं काम. त्याच वसतिगृहात गुरुजी हाताने लिहिलेलं एक दैनिक काढत, 'छात्रालय दैनिक'. मासिक नव्हे, साप्ताहिक नव्हे, दैनिक! दिवसभर शिकवायचं, मुलांची आजारपणं काढायची आणि वर रोजचा अंक लिहून मुलांपुढे ठेवायचा. जगातल्या घडामोडी, थोरामोठ्यांची चरित्रं आणि वसतिगृहातल्या कालच्या बऱ्यावाईट प्रसंगांवर चार शब्द. झाडूने जे केलं त्यावर लेखणीने विचार. 1928 मध्ये 'विद्यार्थी' मासिक निघालं ते याच सवयीतून.

झाडू आणि वही. एका हाताने दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं आणि दुसऱ्या हाताने त्यातून काय कळलं ते लिहायचं. शिक्षणशास्त्रात 'सर्व्हिस लर्निंग', म्हणजे सेवेतून शिक्षण, या नावाने हा विचार पुढे 1967च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट सिगमन आणि विल्यम रॅमसे यांनी मांडला. अमळनेरची ती वळकटी त्याआधी चाळीस वर्षांची.

आता कोणी म्हणेल, यात नवल कसलं? आमच्या शाळेतही श्रमदान होतं. दोन ऑक्टोबरला मैदान झाडतो, स्काउटची पोरं खरी कमाई करतात, वृक्षारोपणाला आमदार येतात. बरोबर आहे. पण मैदान झाडून झालं की झाडू कोपऱ्यात जातो आणि पुढच्या तासाला गुरुजी घनफळाचं प्रकरण काढतात. कचऱ्याचा घनफळाशी काही संबंध असतो हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. सेवेतून शिक्षण म्हणजे हे दोन तास एकमेकांना जोडणं. गोळा केलेला कचरा ओला किती, सुका किती हे तोलायचं, टक्केवारी काढायची, गावाचा आठवड्याचा कचरा किती होईल याचा अंदाज बांधायचा, त्याला खड्डा किती मोठा लागेल ते गणित सोडवायचं, मग तो हिशेब ग्रामपंचायतीला लिहून द्यायचा. पत्रलेखन मराठीच्या पेपरात असतंच. फरक इतकाच की हे पत्र खऱ्या सरपंचांना जातं आणि त्यांचं उत्तर येतं. किंवा येत नाही. नागरिकशास्त्र तिथून सुरू होतं.

याने मुलं 'चांगली' होतात हे मानायला कोणाची हरकत नसते. आश्चर्य पुढे आहे. 2011 साली तीन अमेरिकन संशोधकांनी अशा उपक्रमांवरचे 62 अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात मिळून 11,837 विद्यार्थी होते. स्वतःविषयीची भावना, शाळेविषयीची ओढ, समाजात वावरण्याची हातोटी, नागरिक म्हणून जबाबदारी, या सगळ्यांत वाढ दिसली. पण सगळ्यांत मोठी वाढ अभ्यासातल्या कामगिरीत होती! पोराचा अभ्यास बुडेल म्हणून ज्या कामाला आईबाप नाही म्हणतात, त्याच कामाने अभ्यास सुधारला. मात्र एक मेख आहे. काम अभ्यासक्रमाशी जोडलेलं असेल, ते ठरवताना मुलांना विचारलेलं असेल, गावाचा त्यात खरा हात असेल आणि झालेल्या कामावर नंतर मुलं विचार करत असतील, तर परिणाम जास्त. नुसतं झाडून भागत नाही, वही लागतेच.

असं का होत असेल? त्याचा एक धागा फार गमतीचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकावर 'बेटी' नावाचं एक पात्र वापरून प्रयोग झाले. आठवीतल्या काही मुलांना सांगितलं, हा धडा तुम्ही स्वतःसाठी शिका. काहींना सांगितलं, तुम्हाला हा धडा बेटीला शिकवायचा आहे, परीक्षा ती देणार. बेटी खोटी आहे हे मुलांना ठाऊक होतं. तरीही तिच्यासाठी शिकणाऱ्या मुलांनी धड्यावर जास्त वेळ घालवला आणि ती जास्त शिकली. स्वतःसाठी जेवढे कष्ट माणूस घेत नाही तेवढे तो दुसऱ्याच्या परीक्षेसाठी घेतो. संगणकातल्या चित्रापायी एवढं होत असेल, तर गल्लीतल्या म्हाताऱ्या मावशीच्या औषधाची चिठ्ठी वाचताना काय होत असेल!

जळगावच्या मातीत याचं एक उदाहरण आहे, तेही शाळेच्या पुस्तकातूनच निघालेलं. असोद्याला 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. असं सांगतात की त्यांचा मुलगा सोपानदेव याने आपल्या पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट घरी वाचून दाखवली आणि दुसऱ्या सकाळी बहिणाबाईंनी त्या गोष्टीचं गाणं रचलेलं होतं. पोरगा चकित झाला आणि आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागला. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या, पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने त्या वहीचं पुस्तक झालं, आणि आता जळगावच्या विद्यापीठालाच त्यांचं नाव आहे. इथे कोणी कोणाची सेवा केली? मुलाने आईला धडा वाचून दाखवला, आईने मुलाला कविता म्हणजे काय ते दाखवलं. निरक्षर माणसासमोर धडा वाचणारं मूल आपण काहीतरी देतोय अशा समजुतीत असतं, आणि उठताना त्याच्या वहीत त्याच्या मास्तरांनाही न येणारं काहीतरी पडलेलं असतं. सेवेतून शिक्षण जिथे साधतं तिथे देणारा-घेणारा ही ओळ अशी पुसट होते.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यातही हेच दिसतं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तिथलं उजाड झालेलं जंगल राखून परत उभं केलं. 2025 मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. दरवर्षी पावसाळ्यात तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते. बाया रानातून भाज्या आणतात, रांधतात आणि कोणती कशी शिजवायची, कोणती उकळून पाणी फेकल्याशिवाय खायची नाही, हे सांगतात. हे ज्ञान वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात आहे, पण विखुरलेलं. आजीकडे ते एकत्र आहे. शहरातल्या शाळेची सहल तिथे नेऊन 'आदिवासी बांधवांना मदत' असा फलक धरून फोटो काढता येईल, किंवा मुलांना वही देऊन आजीशेजारी बसवता येईल. माझं मत विचाराल तर फलक घरीच ठेवावा.

या विचाराचं भारतीय घराणं मोठं आहे आणि त्याची एक पायरी धुळ्याच्या तुरुंगात आहे. 1932 मध्ये फेब्रुवारी ते जून दर रविवारी विनोबांनी तिथे कैद्यांसमोर गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. अमळनेरचा मास्तर इथे विद्यार्थी झाला, वही मात्र सुटली नाही. पाच वर्षांनी, ऑक्टोबर 1937 मध्ये, वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. नई तालीम तिथून सुरू झाली आणि विनोबा तिचे मोठे भाष्यकार ठरले. हस्तोद्योग आधी, त्यातून गणित, भूगोल, भाषा. तकलीवर सूत काततानाच सुताचा नंबर काढायचा, म्हणजे लांबी आणि वजनाचं गुणोत्तर आलं. कापूस कुठल्या मातीत होतो म्हटलं की भूगोल आला. याला समवाय पद्धत म्हणत. कल्पना सुरेख होती. पण पुष्कळ शाळांत समवाय गळून गेला आणि तकली तेवढी उरली. आईबापांना वाटलं, साहेबाची पोरं इंग्रजी शिकणार आणि आमची सूत कातणार. त्यांचं काय चुकलं?

कोठारी आयोगाने 1964-66 मध्ये कार्यानुभव आणि समाजसेवा दोन्ही शाळेत हवेत असं सांगितलं. कार्यानुभव आला. त्याचं पुढे काय झालं हे ज्याने तासाला पुठ्ठ्याचं घर चिकटवलं आहे त्याला सांगायला नको. प्रकल्पवह्या तर स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात. पर्यावरणाचा प्रकल्प रंगीत मुखपृष्ठासह.

ज्यांनी हे नेटाने जमवलं त्यांत पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे डॉ. श्रीनाथ कलबाग मला फार मोठे वाटतात. अमेरिकेत पीएचडी केलेला, हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेला हा शास्त्रज्ञ 1983 मध्ये एका दुष्काळी गावात येऊन राहिला आणि त्याने विज्ञान आश्रम काढला. तिथून माध्यमिक शाळांसाठी जो अभ्यासक्रम निघाला त्यात मुलं आठवड्यातून एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, माती-पाण्याची तपासणी, रोपवाटिका, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजणं. आणि ही कामं लुटुपुटूची नसतात, गावाला ती सेवा म्हणून पुरवली जातात. फाटक वाकडं बसलं तर ज्याचं फाटक तो माणूस दारात येऊन बोलतो. मार्क कापणाऱ्या शिक्षकापेक्षा तो परीक्षक भारी. नववीतल्या मुलीने गावातल्या बायकांचं हिमोग्लोबिन मोजलं आणि आकडे एका खाली एक मांडले की सरासरी म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या आईचा आकडा सरासरीच्या खाली का, हा प्रश्न ती स्वतःच विचारते.

आता मला सगळ्यांत भुरळ घालणाऱ्या गोष्टीकडे येतो, ती म्हणजे विहीर. खानदेशातल्या कुठल्याही शाळेपासून हाकेच्या अंतरावर ती असतेच. राज्य मंडळाने नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषय आणला आहे, त्यामुळे वेळापत्रकात जागाही आहे. गरजही खरी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरात निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. पण अशा विहिरी मोजक्याच आणि गावं चाळीस हजारांवर. म्हणजे गावोगावच्या बहुतेक विहिरींत डोकावून लिहून ठेवणारं कोणी नाही. शाळेने ते करायचं ठरवलं तर तिच्या हातून खरोखरच नवी माहिती तयार होईल. नववीच्या वर्गाकडून!

साधन काय लागतं? लांब मोजपट्टी, नसेल तर मीटर-मीटरवर खुणा केलेला दोर आणि टोकाला वजन. आणि खडू. पट्टीच्या शेवटच्या मीटरभर भागाला कोरडा खडू घासायचा, शिक्षकांच्या देखरेखीखाली कठड्यावरून ती खाली सोडायची, पाण्यात टेकली असं वाटल्यावर आणखी थोडी सोडून कठड्याशी कितीचा आकडा आहे तो वाचायचा आणि पट्टी वर ओढायची. पाण्यात बुडालेला खडू गडद दिसतो, न बुडालेला पांढराफटक राहतो. मधली रेघ म्हणजे पाण्याची पातळी. फळ्यावरचा खडू विहिरीतल्या पाण्याशी जाऊन निरोप घेऊन येतो आणि वर्गात उरते ती एक वजाबाकी. ही पोरखेळाची युक्ती नाही, भूजलशास्त्रात रीतसर वापरतात ती पद्धत आहे.

पहिली अडचण लगेच येते. काल पातळी नऊ मीटरवर होती, आज अकरावर. रात्रीत दोन मीटर पाणी गेलं कुठे? कुठेच नाही, शेतकऱ्याची मोटार चालू होती. म्हणजे मोटार बंद होऊन काही तास गेल्याशिवाय घेतलेलं माप खोटं. मग मुलांना विचारत जावं लागतं, "काका, या आठवड्यात लाइट दिवसा आहे की रात्री?" थ्री फेजच्या पाळीचं वेळापत्रक प्रयोगवहीत येतं. प्रयोगात इतर घटक स्थिर ठेवावेत हे वाक्य पाठ करून जे कळत नाही ते एका मोटारीने कळतं.

मग गणित. समजा मे महिन्यात पाणी 14 मीटरवर होतं आणि ऑक्टोबरात 10 मीटरवर आलं. चार मीटर वाढलं! गावात आनंद. पण जमिनीखाली तळं नसतं, खडक असतो आणि पाणी असतं त्याच्या भेगांत. भेगाळलेल्या काळ्या पाषाणातून निघू शकणारं पाणी त्याच्या घनफळाच्या साधारण दोन टक्के धरतात. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर, गुणिले चार, त्याचे दोन टक्के. उत्तर 800 घनमीटर, म्हणजे आठ लाख लिटर. आकडा प्रचंड वाटतो. तेच पाणी त्या हेक्टरभर शेतात पसरलं तर थर होतो आठ सेंटिमीटरचा, वीतभरसुद्धा नाही. केळीला वर्षाकाठी साधारण दीड-दोन मीटर पाणी लागतं. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतल्या घरातलं मूल हे गणित करून पेन्सिल खाली ठेवतं, तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललं असेल याची कल्पना करावी. नीट वाचलं तर ते गणित त्याच्या घराचं अंदाजपत्रक आहे.

पण थांबा, रावेर-यावलचा हिशेब वेगळा. तापीकाठी खडकाच्या वर गाळाचा जाड थर आहे. गाळ चिकण असेल तर दोनऐवजी सहा टक्के धरतात, वाळूचा असेल तर सोळापर्यंत. म्हणून एका शाळेच्या दोन विहिरी, किलोमीटरभर अंतरावरच्या, वेगळं वागू शकतात. का, हे शोधायला गेलं की भूगोलाच्या पुस्तकातला दख्खनचा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थेट पायाखाली येतो. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी 2004 पासून नाले रुंद-खोल करून बंधाऱ्यांची जी साखळी उभारली, ती याच फरकावर उभी आहे. चिकण गाळाचा वरचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, तो कापला की वाट मोकळी होते.

इतिहासाचा तासही या विहिरीपासून फार लांब नाही. पांझरेकाठी तीनेकशे वर्षं फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, जमिनीचे फड पाडलेले आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाटकरी पाणी सोडणार, हवालदार लक्ष ठेवणार, पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. पाण्यासाठी भांडायला नियम होते आणि भांडण मिटवायलाही. मुलांनी गावातल्या जाणत्यांना त्याविषयी विचारावं, उत्तर बहुधा अहिराणीत येईल, तेही तसंच लिहून घ्यावं.

एक काटा मात्र या सगळ्यात आहे आणि तो झाकून चालणार नाही. आपल्या समाजात झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे शतकानुशतकं जातीने ठरवलं. शाळेत 'सेवा' म्हटली की वर्ग झाडायला मुलीच पुढे केल्या जातात, संडास धुवायला विशिष्ट वस्तीतलीच पोरं बोलावली जातात, असं होत असेल तर त्याला शिक्षण म्हणू नये. तो जुनाच अन्याय आहे, गणवेश घातलेला. साने गुरुजींच्या गोष्टीतला खरा धक्का इथे आहे. तिथे झाडू आधी वरच्याने उचलला. 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं, तेव्हा तेच गुरुजी स्वयंसेवकांबरोबर राबत होते. शाळेत कामाची पाळी लावताना मुख्याध्यापकांचं नाव यादीत कितवं आहे, एवढं पाहिलं तरी त्या उपक्रमाविषयी बरंच कळतं.

दुसरी अडचण साधी, पण हमखास येणारी. विहिरीच्या वर्षभराच्या नोंदींत सगळ्यांत मोलाची नोंद मे महिन्याची, पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हाची. नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी, ऊन पंचेचाळिशीला टेकलेलं आणि निम्मा वर्ग मामाच्या गावी. तो महिना कोरा सोडला तर ऑक्टोबरातल्या आकड्यातून काही वजा करता येत नाही आणि सगळं गणित अडून बसतं. तोड मुलांनीच काढावी. जे गावात आहेत त्यांनी वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन लाइट दिवसा असलेल्या आठवड्यात सकाळी सातच्या आत, मोटार सुरू होण्याआधी, माप घ्यावं. आणि जे मामाकडे गेलेत त्यांनी जाताना पिशवीत एक खडू टाकावा. चोपड्याची विहीर, पारोळ्याची विहीर, साक्रीची विहीर. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा वर्गाच्या वहीत अर्ध्या खानदेशाची पातळी जमलेली असेल.